लिंबाजीने न मारलेलं पिल्लू

तुमच्या गावच्या मारुतीच्या पारावर वानराचं पिल्लू मरून पडलेलं दिसलं, डोकं फुटलेलं, तर तुम्ही पहिलं नाव कोणाचं घ्याल?

खरं सांगा. कुत्र्याचं घ्याल. नाहीतर ज्याच्या बाजूने बोलायला कोणी उभं राहणार नाही अशा एखाद्या माणसाचं घ्याल. वानराच्या लेकराला वानरानेच मारलं असेल, हे तुमच्या मनातही येणार नाही. मी काम केलं त्या गावातही कोणाच्या मनात आलं नाही. मला ते ठाऊक होतं आणि मला ते वेळेवर पटवता आलं नाही.

संपादकांनी माझ्याकडे वानरांच्या गमतीजमती मागितल्या होत्या. गमती आहेत, मध्येमध्ये येतील. पण पाच वर्षं कळपामागे फिरून आता मी दमले आहे, आणि दमलेलं माणूस जे सगळ्यात जड आहे तेच आधी खाली ठेवतं.

माझं काम असं होतं. धर्मापुरीपासून पायी दीड तासावर, डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे. नाव देत नाही. विद्यापीठातले एक सर तिथल्या वानरांचा अभ्यास करत. त्यांना गावातच राहून रोज पाहणारं माणूस हवं होतं. मी तेलगावकडची, विज्ञानाची पदवी घेऊन घरी बसलेली. मी गेले. उजाडायच्या आधी, कळप ज्या झाडावर झोपला असेल त्याच्याखाली जाऊन बसायचं आणि मावळतीला तो पुन्हा झाडावर चढेपर्यंत मागे राहायचं. दर दहा मिनिटांनी वहीत नोंद करायची. कोण कुठे आहे, काय खातंय, कोण कोणाच्या उवा काढतंय, कोणाचं पिल्लू कोणाच्या पोटाशी आहे. नोंद पेन्सिलीने, कारण घामाने शाई पसरते. खायला द्यायचं नाही, हात लावायचा नाही, मध्ये पडायचं नाही. वहीत दोन रकाने. डावीकडे ‘पाहिलं’, उजवीकडे ‘अंदाज’. सरांचा एकच कडक नियम होता, उजवीकडचं डावीकडे जाता कामा नये.

ऐकायला सोपं वाटतं. मे महिन्यात बरड रानात, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून, शेपट्या मोजत बारा तास बसून दाखवा.

पहिल्या वर्षी गावातली माणसं माझ्याभोवती गोळा व्हायची. कळपात माद्या माजावर आल्या की गर्दी जास्त. मादी नरासमोर येते, पाठ वळवते, शेपूट जमिनीला टेकवते आणि डोकं जोरजोरात हलवते, आपल्याकडे देवीचं वारं आलेली बाई हलवते तसं. नराला मन असलं तर येतो, नसलं तर दुसरीकडे बघतो. मी घड्याळ पाहून वेळ लिहायचे.

‘‘काय लिहायलीस गं ताई?’’ कोणीतरी विचारायचं.

‘‘वेळ.’’

‘‘कशाचा?’’

‘‘तुम्ही बघायलात त्याचाच.’’

‘‘आन् याचा सरकार पगार देतं? आमी तर फुकटच बघत आलोत की!’’

हसून झालं की निघून जायचे. मला राग यायचा. पुढे लक्षात आलं, हसणारा माणूस निदान थांबून बघतो तरी.

आता बाहेरच्यांसाठी थोडं शास्त्र. आपल्याकडच्या काळ्या तोंडाच्या वानरांत एका कळपात पुष्कळ माद्या, त्यांची पिल्लं आणि बहुधा एकच मोठा नर असतो. बाकीचे नर बाहेर टोळी करून भटकतात आणि संधी बघतात. कधीतरी टोळी कळपावर चालून येते, जुना नर हाकलला जातो, नव्यातला एक आत राहतो. त्याच्याकडे फार वेळ नसतो, कारण त्यालाही कोणीतरी हाकलणार असतं. आणि अंगावर पिणारं पिल्लू असेपर्यंत मादी माजावर येत नाही. म्हणून बऱ्याचदा नवा नर जुन्याची दूधपिती पिल्लं मारतो. पिल्लू गेलं की दूध आटतं, थोड्या आठवड्यांत आई पुन्हा माजावर येते आणि त्याच नराकडे जाते. यात पाप नाही, पुण्य नाही. तोवर मी हे फक्त सरांच्या पुस्तकांत वाचलं होतं.

आमच्या कळपातल्या नराला गाव ‘थोरला’ म्हणायचं. सरांच्या कागदावर सगळ्यांना आकडे होते, पण गावाने नावं दिली आणि मीही तीच वापरायचे. एक मादी कानतुटी. एक साळू, कारण तिच्या मानेवरचे केस साळिंदरासारखे उभे राहायचे. पिल्लांना नाव द्यायचं नाही असं मला सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कारण सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी पाऊस गेला. चौथ्या वर्षीही गेला. दिवाळीतच ओढा आटला. निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला निघून गेलं. मागे राहिली म्हातारी माणसं, जमिनीवाले आणि ज्यांची कंबर गेली ते. गावात चालू राहिलेली एकच गोष्ट म्हणजे दूध संस्था. टँकरच्या पाळ्या, चाऱ्याची वाटणी, भांडणं, सगळं संस्थेच्या दूध मोजायच्या खोलीतच व्हायचं. संस्थेच्या बोअरला अजून पाणी होतं, आणि त्यावर गुरांसाठी लसूणघासाचा एक तुकडा होता. त्या शिवारात हिरवं म्हणून तेवढंच. त्या तुकड्यावर राखणीला लिंबाजीमामा होते.

लिंबाजीमामांचे ऊसतोडीचे किती पट्टे, म्हणजे हंगाम, झाले ते त्यांनाही मोजता येत नसत. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना पाय घसरला आणि कमरेतून ते कायमचे वाकले. राखणीचं काम मिळालं म्हणून त्या वर्षी ते आणि त्यांची बायको मथुराबाई गावात राहू शकले. हे काम गेलं तर पुन्हा कोयता, तिसरा रस्ता नव्हता. हे ते स्वतः सांगायचे, तक्रार म्हणून नाही, जसं कोणी आपल्या गावाचा रस्ता सांगावा तसं. हातात गोफण. वानरं घासात शिरली की डोक्याभोवती फिरवून दगड सोडायचे, पण झाडाच्या शेंड्यावरून जाईल असा. ‘‘आवाजानंच पळतेत ओ ताई. मारायला कावून पायजे?’’

आता माझी करणी सांगते.

माझे वडील ऊसतोड मजुरांच्या संघटनेत होते. आमच्या घरी वर्तमानपत्र येत नसे, पत्रकांचे गठ्ठे येत. बाराखडी मी त्यांवरच शिकले. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, एवढीच कृती आम्हाला येत होती. ओढा आटल्यावर वानरं टाचा घासत पाण्याला फिरू लागली, एक म्हातारी मादी कोरड्या डोहात मेली. मी सरांना न विचारता पत्रक काढलं. ‘मुक्या जिवांचं पाणी कोणी प्यायलं?’ असं काहीसं मथळ्यात होतं. संस्थेचे चेअरमन अण्णा ते हातात घेऊन आले.

‘‘तुझ्या बापाचीच लेक हायेस,’’ म्हणाले. ‘‘पण बरोबर लिहिलंस. मारुतीच्या पाराजवळ हौद बांधू. बोअरचं पाणी सोडू.’’

आठ दिवसांत हौद झाला. गावाने नारळ फोडला. मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या हातून काही झालं.

झालंच. दहा कोसांत तेवढंच पाणी राहिलं, आणि डोंगरापलीकडची नरांची टोळी त्या पाण्यावर आली. एरवी टोळी आणि कळप वर्षातून एखाद्या वेळी समोरासमोर येत. आता रोज सकाळी एकाच हौदावर. अभ्यास करणाऱ्या बाईला हे आधी कळायला हवं होतं. पत्रक लिहिणाऱ्या बाईने तिला विचारलंच नाही.

मार्गशीर्षात थोरला हरला. तीन दिवस मारामारी चालली. मांडी फाटलेला थोरला ओढ्याच्या पलीकडे जाऊन बसला आणि मग दिसेनासा झाला. आत राहिला तो शेपूट अर्धी तुटलेला नर. गावाने त्याला लगेच ‘लांडा’ केलं.

तेव्हा कळपात तीन दूधपिती पिल्लं होती. साळूचं सगळ्यात लहान, महिन्याचं, अजून काळं. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘फक्त पाहा. एक मिनिटही नजर हलवू नका.’’

आठव्या दिवशी माझी नजर हलली.

सकाळचं ऊन चढलेलं. कळप हौदावरून सरळ घासात उतरला. लिंबाजीमामांनी गोफण फिरवली. दगड कडुलिंबाच्या शेंड्यावरून सूं करत गेला, कळप फुटला आणि ओढ्याकडे पळाला. मी बांधाला वळसा घालून धावले. मध्ये बाभळींची दाट जाळी. त्या जाळीमागून किंचाळी ऐकू आली, मग माद्यांचं भुंकणं. मी पोचले तेव्हा साळू खडकावर होती, पिल्लू पोटाशी, पिल्लाच्या डोक्यातून रक्त. दहा पावलांवर लांडा दात विचकत बसला होता आणि कानतुटी आणि आणखी दोघी त्याच्यावर धावून जात होत्या. काय झालं असणार हे मला उघड दिसत होतं. पण ते उजव्या रकान्यातलं उघड होतं. डावीकडे मी लिहिलं, ‘किंचाळी ऐकली. पोचले. पिल्लू जखमी.’

दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्लू गेलं. साळूने ते सोडलं नाही. एका हाताने धरून, तीन पायांवर लंगडत, ती चार दिवस कळपाच्या मागे राहिली. बसली की त्याच्या अंगावरच्या माश्या हाकायची. पाचव्या दिवशी हौदावर पाणी प्यायला वाकली आणि ते खाली ठेवलं. पाणी पिऊन झाल्यावर त्याच्याकडे पाहिलं आणि निघून गेली. हे मी पाहिलं. हे डावीकडे आहे.

मारुतीची पूजा करणाऱ्या गुरवबाबांना ते पाराजवळ सापडलं.

आपल्याकडे वानर मेला की पुष्कळ गावं सुतक धरतात. भजन लावून माती देतात, दहाव्याला पुरुष डोकी करतात, म्हणजे मुंडण. त्या गावात त्यातही बारकावे होते. ते ठरवायला गुरवबाबा माझ्याकडेच आले. वही घेऊन चल म्हणाले.

‘‘पिल्लाला दात आलते का?’’

‘‘का बाबा?’’

‘‘माणसाच्या लेकराचं असतंय तसंच. दात न्हाई आले तर तीन दिसांत मोकळं. आले असले तर दहा दिस. आन् दहा दिस म्हणलं की मग कोणाच्या हातून गेलं तेबी बघावं लागतंय. ज्याच्या हातून गेलं त्यानंच माती द्यायची आन् त्या हातानं पुन्हा कधी दगड उचलायचा न्हाई.’’

इतकी वर्षं माझ्या वहीला गावात कोणी विचारलं नव्हतं. मी अभिमानाने पान उघडलं. साळूच्या मांडीवर जांभई देताना मला दिसले होते. ‘‘आले होते. खालचे दोन,’’ मी सांगितलं. डाव्या रकान्यातलं वाचून दाखवलं.

गुरवबाबांनी मान हलवली. गावात एका घरी पुढच्या आठवड्यात हळद होती, ती पुढे ढकलावी लागली. ज्यांची हळद अडली त्यांनी पहिल्यांदा विचारलं, पण हे झालं कोणामुळं?

संध्याकाळी संस्थेच्या खोलीत बैठक बसली. पुरुष आत, बायका दारात. लिंबाजीमामा दुधाच्या कॅनला टेकून उभे, कारण खाली बसलं की त्यांना उठता येत नसे.

‘‘लिंबाजी,’’ अण्णांनी विचारलं, ‘‘त्या दिवशी दगड सोडलतास का?’’

‘‘सोडलता, अण्णा. कळप घासात शिरलता. लिंबाच्या वरून सोडला.’’

‘‘लागला का कोणाला?’’

‘‘ते न्हाई दिसलं. जाळीकडं गेलता.’’

‘‘मग पिल्लाचं डोकं आपसुक फुटलं का बे?’’ मागून आवाज आला.

मी उभी राहिले. सगळं सांगितलं. नवा नर येतो, जुन्याची पिल्लं मारतो, हे फक्त इथलं नाही, जिथे जिथे अशी वानरं आहेत तिथे माणसांनी पाहिलेलं आहे. पुढे बसलेल्या एकाने विचारलं,

‘‘म्हंजे मारुतीरायाची जात लेकरं मारती म्हणतीस?’’

‘‘नवा नर मारतो.’’

‘‘आन् माय बघत बसती?’’

‘‘नाही. लढते. बाकीच्या माद्याही लढतात.’’

इथे थांबायला हवं होतं. पण अर्धं सांगणं म्हणजे लबाडी, असं मला घरी शिकवलेलं. ‘‘आणि मग काही दिवसांनी,’’ मी म्हणाले, ‘‘ती त्याच नराकडे जाते. त्याच्यापासून तिला पुढची पिल्लं होतात.’’

एकच गलका झाला. ‘‘असलं बोलतीस बापमाणसांपुढं?’’ कोणी म्हणालं. कोणी म्हणालं, ‘‘बायांची जातच तशी,’’ आणि दारातून एका म्हातारीने त्याला त्याच्या आईवरून असं सुनावलं की तो खाली बघू लागला. मागून एकजण ओरडला, ‘‘खुर्ची बदलली की जुन्याची माणसं उडवत्येतच की, अण्णा! तुमीबी तेच केलंव!’’ खोली हसली, अण्णाही हसले. मला वाटलं, हसले म्हणजे पटलं.

गुरवबाबा हसले नव्हते. हसू ओसरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, ‘‘पोरी, तुझ्याच वहीनं दात दाखवले, म्हणून इचारतो. लांड्यानं साळूचं पिल्लू मारलेलं तू डोळ्यानं पाह्यलंस का?’’

लिंबाजीमामा माझ्याकडे बघत होते. मथुराबाईही. एवढ्या माणसांत त्या दोघांचं सगळं काही माझ्या एका शब्दावर होतं आणि ते सगळ्यांना कळत होतं. मी वहीकडे पाहिलं.

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ‘‘पण –’’

‘‘पण ऱ्हाऊ दे. पाह्यलं न्हाई.’’

‘‘ऱ्हाऊ द्या ताई,’’ लिंबाजीमामा म्हणाले. ‘‘दगड माझाच हाय. माझ्याच हातचं असंल ते.’’

त्यांनी माती दिली, दहाव्याला डोकं केलं. हात दगडाला लावायचा नाही म्हटल्यावर राखण कसली? गोफण दुसऱ्याच्या हातात गेली. पौषात एक मुकादम मागे राहिलेल्यांना न्यायला आला, त्याच्या ट्रकमध्ये ते दोघं चढले. मथुराबाईंनी खालून ढकललं तेव्हा मामा फळीवर चढू शकले. मी तिथे होते. मला कोणी दोष दिला नाही. मथुराबाई म्हणाल्या, ‘‘तुमी बोललाव तरी, ताई. बाकी कोणी तोंडबी उघडलं न्हाई.’’ मला ते ऐकणं शिवीपेक्षा जड गेलं.

मग कळपात जे व्हायचं ते होत गेलं. ट्रक गेल्यानंतर आठवड्याभरात, ऐन उघड्यावर, ओढ्याच्या वाळूत, माझ्यापासून वीस पावलांवर लांड्याने दुसरं पिल्लू आईच्या पोटावरून ओढलं आणि तो डोक्यालाच चावला. तीच जखम, त्याच जागी. ते मी डाव्या रकान्यात लिहिलं. तिसरं पिल्लू मोठं होतं, ते वाचलं. साळू काही दिवसांनी लांड्यासमोर आली, पाठ वळवली, शेपूट टेकवली आणि डोकं हलवू लागली. मी वेळ लिहिली. मला तिचा राग आला नाही, हे मला नोंदवून ठेवायचं आहे, कारण गावातल्या पुष्कळ पुरुषांना आला. ‘‘बघा ह्या बायका!’’ म्हणायचे. दोन वर्षं पाऊस नसलेल्या रानात कोणी कसं जगावं हे शिकवायला मात्र त्यांच्यातला एकही पुढे आला नव्हता.

आणि कानतुटी. ती थोरल्यापासून गाभण होती हे मला माहीत होतं. तरी तीही लांड्यासमोर गेली, तस्सं डोकं हलवलं, तीनतीनदा गेली. पुढे तिचं पिल्लू जन्मलं तेव्हा लांड्याने ते हुंगलं आणि सोडून दिलं. ते त्याचं नव्हतं हे मी दिवस मोजून सांगू शकते. त्याला मोजता येत नव्हतं. पाच वर्षांत मी एकदाच वही मिटून मोठ्याने हसले, ते त्या दिवशी.

दुसऱ्या पिल्लाची नोंद घेऊन मी अण्णांकडे गेले. आता डावा रकाना भरलेला होता. त्यांनी पान नीट वाचलं. ते वाईट माणूस नाहीत, हे सांगायलाच हवं.

‘‘हे दुसरं पिल्लू झालं,’’ ते म्हणाले. ‘‘पहिल्याचं काय?’’

‘‘जखम तीच आहे, अण्णा. जागाही तीच.’’

‘‘असंल. पण दहावा होऊन गेला, पोरी. आता लिंबाजीनं मारलं न्हाई म्हणलं तर साऱ्या गावानं डोकी कोणासाठी केली? त्याची माती चुकीच्या हातानं पडली म्हणायची का? गुरवबाबा ऐकतील का? आन् लिंबाजी तर स्वतः कबूल झाला.’’

‘‘त्यांना तसं वाटतंय म्हणून कबूल झाले.’’

‘‘मग त्यालाच सांग जाऊन.’’

हे मला सुचलं नव्हतं, याची लाज वाटते. मी बैठक पुन्हा बोलवायच्या मागे होते, पत्रकाचा मसुदाही केला होता. ज्या माणसाच्या डोक्यावर हे बसलं होतं, त्याच्याकडे जायचं मात्र राहून गेलं.

माघात मी कृष्णेकाठी गेले, विचारत विचारत. उसाच्या फडात मामा पाचट बाजूला करत होते. मुकादमाने त्यांना हलकं काम म्हणून ते दिलं होतं, वाकलेल्या माणसाला आणखी वाकायचं. मथुराबाई तोडत होत्या. चहा ठेवते म्हणून कोपीकडे, त्यांच्या पाचटाच्या झोपडीकडे, जाता जाता त्या मला म्हणाल्या, ‘‘तोडीत लक्ष नसतंय ओ त्यांचं. जेवतानी उजव्या हाताकडंच बघत बसतेत. परवा कुत्रं भाकर घेऊन गेलं, तर हाड म्हणाया हातबी उचलला न्हाई.’’

मी मामांजवळ बसले. दुसऱ्या पिल्लाचं सांगितलं, जखमेचं सांगितलं. ते ऐकत होते.

‘‘ते दुसऱ्याचं झालं,’’ म्हणाले. अगदी अण्णांसारखंच.

मग मी पाच वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. ‘‘मामा, मी पहिलंही पाहिलं होतं. लांड्यानेच मारलं. माझ्या डोळ्यांसमोर.’’

त्यांचा हात थांबला.

‘‘भरल्या बैठकीत तर तुमीच म्हणलाव न्हवं, पाह्यलं न्हाई म्हणून?’’

‘‘घाबरले होते.’’

‘‘तुमी? आन् भेलाव?’’ ते हसले. महिनाभरात पहिल्यांदा हसले असतील, मथुराबाई कोपीतून डोकावून बघू लागल्या. ‘‘ताई, तुमाला खोटं बोलता येत न्हाई. तुमी मला बरं वाटावं म्हणून बोलायलाव. लई चांगल्या हाव तुमी. चहा घ्या.’’

मी चहा घेतला. खोटं बोलायचं होतं तर ते बैठकीत बोलायला हवं होतं. तिथे खरं बोलून मी त्यांचं काम घालवलं आणि इथे खोटं बोलून माझं खरंही घालवलं. परतताना बसमध्ये मी याचा पुष्कळ विचार केला. मी चुकले म्हणावं तर रकान्याचा नियम बरोबर होता. नियम बरोबर होता म्हणावं तर मामा फडात होते. अजूनही मला हे सुटलेलं नाही आणि माझ्याजवळच्या कुठल्याच पत्रकात याचं उत्तर नाही. एवढं मात्र केलं. गावात परतल्यावर अण्णांना घेऊन हौद रिकामा केला आणि डोंगराच्या तीन बाजूंना, गावापासून लांब, पाण्याच्या तीन लहान कुंड्या बसवल्या. नंतर टोळी आणि कळप रोज समोरासमोर येईनात.

उन्हाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या, त्यांत मामा आणि मथुराबाई नव्हते. कोणी म्हणालं वीटभट्टीवर गेले, कोणी म्हणालं दुसऱ्या मुकादमाने उचलले. मथुराबाईंचा फोन बंद येतो. त्यांच्या दाराला कुलूप आहे.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या तुमच्या शिवारात उतरलेल्या असतील. तुमच्यापैकी कित्येकांच्या बांधावर वानरांचा कळपही असेल. माझी एक विनंती आहे. कळपातला मोठा नर बदललेला दिसला, तर शेजाऱ्याला सोबत घ्या आणि पंधरा दिवस सकाळी तासभर कळपाजवळ बसा. दोघांनी बसा, एकट्याच्या शब्दाला काय किंमत असते ते मी पाहिलं आहे. जे दिसेल ते बघा, मध्ये पडू नका. मग उसाच्या फडाजवळच्या कोप्यांकडे जा आणि लिंबाजी नावाचा माणूस आहे का विचारा. कमरेतून वाकलेला आहे, बायकोचं नाव मथुराबाई. माझं नाव काढू नका, या बाबतीत त्यांचा माझ्यावर विश्वास नाही आणि तो का नाही हे मला कळतं. त्यांच्याजवळ बसा आणि नवा नर पिल्लांचं काय करतो, ते तुम्ही पाहिलं असेल तसं सांगा. पण आधी पाहा. न पाहता सांगितलेलं त्यांना लगेच ओळखू येतं.